हरणासाठी मचाण कुठे बांधावं: पेनसिल्व्हेनियातल्या खाजगी शेतावरचा अनुभव

माझ्या आजोबांचा माळा फलटणजवळच्या आमच्या ज्वारीत अगदी मधोमध असायचा. चार मेढी, वर फळ्या, डोक्यावर पाचटाचं छप्पर. ज्वारी हुरड्याला आली की गोफण घेऊन तिथे बसायचं, दिवसा पाखरं हाकायची आणि रात्री डुकरं. त्या माळ्याचं कामच दिसणं हे होतं. जनावराला लांबूनच कळलं पाहिजे की रानात माणूस आहे. गेली अकरा वर्षं मी पेनसिल्व्हेनियात, पेन्स व्हॅलीतल्या एका शेजाऱ्याच्या शेतावर हरणाच्या शिकारीला बसतो. इथल्या मचाणाचं काम बरोबर उलट आहे. मी कधी आलो, कुठे बसलो आणि कधी उठून गेलो, यातलं काहीही हरणाला कळता कामा नये.

पहिल्या मोसमात मी जागा निवडली ती डोळ्यांनी. ऑगस्टमध्ये रोज संध्याकाळी मक्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात दहा-बारा हरणं उतरायची. तिथेच एक जाड मेपल होता. त्याला शिडीचं मचाण लावलं आणि ऑक्टोबरात धनुष्य घेऊन नऊ संध्याकाळी बसलो. हरीण दिसलं ते एकदाच, तेही दोनशे यार्डांवर. मग डिसेंबरात पहिला बर्फ पडला आणि पावलांवरून सगळा उलगडा झाला. मी गोठ्याजवळ गाडी लावून रानाच्या पश्चिमेच्या कडेने चालत जायचो. वारा पश्चिमेचा. हरणं दिवसभर ज्या काटेरी गचपणात झोपायची, ते त्या कडेपासून सत्तर-ऐंशी यार्डांवर. म्हणजे मी रोज त्यांच्या घरात माझा वास सोडत, त्यांच्या उशाशी चालत जात होतो आणि मग झाडावर बसून त्यांची वाट बघत होतो.

तेव्हापासून मी जागा निवडताना हरणं कुठे दिसतात हा प्रश्न दुसरा धरतो. पहिला प्रश्न असा की तिथपर्यंत मी कसा पोहोचणार आणि अंधारात परत कसा येणार. पुढे जे लिहिलंय ते सगळं या क्रमाने वाचावं.

शिकार का, हे एकदा सांगून टाकतो

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी असं माझं मत आहे. इथली परिस्थिती वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियातही पांढऱ्या शेपटीची हरणं जवळपास संपली होती. १८९५ मध्ये राज्याचं गेम कमिशन, म्हणजे शिकारीवर देखरेख करणारं सरकारी खातं, स्थापन झालं, १९०६ पासून इतर राज्यांतून हरणं आणून सोडली गेली आणि कायदे कडक झाले. लांडगा आणि प्यूमा मात्र तोवर नाहीसे झाले होते आणि ते परतले नाहीत. हरणांची संख्या जिथे फार वाढते तिथे ओकची, मेपलची कोवळी रोपं वर येऊच शकत नाहीत, जंगल म्हातारं होत जातं. म्हणून गेम कमिशन भागवार ठरवून माद्यांसाठी वेगळे परवाने देतं. मी त्यातलाच एक परवाना घेतो आणि घरी फ्रीजर भरतो. मला हे काम गंभीर वाटतं. जागा चुकली तर नेम चुकतो, आणि नेम चुकला तर जनावर जखमी होऊन रात्रभर तडफडतं. जागेचा एवढा विचार करायचा तो त्यासाठीच.

आधी परवानगी आणि कायदा

शेतमालकाला भेटायला मोसमाच्या तोंडावर जाऊ नका. उन्हाळ्यात जा, गवत कापायच्या किंवा कुंपण दुरुस्तीच्या कामाला हात लावा. परवानगी लेखी घ्या आणि तिच्यात चार गोष्टी स्पष्ट असू द्या: कोणत्या दिवशी यायचं, गाडी कुठे लावायची, कोणत्या फांद्या छाटल्या तर चालतील, आणि झाडाला स्क्रू मारायचा का नाही. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण ज्याच्या रानात चेरी किंवा ओकचं विकाऊ लाकूड उभं आहे त्याच्यासाठी खोडातला एक स्क्रू म्हणजे खरं नुकसान. मी पट्ट्याने बांधायचंच मचाण वापरतो.

हद्द पायी चालून बघा. झाडांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले तर त्यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. २०२० पासून पेनसिल्व्हेनियात त्या पट्ट्यांचा अर्थ ‘प्रवेश बंद’ असाच आहे. जखमी हरीण हद्द ओलांडून गेलं तर शेजारच्या मालकाची परवानगी लागणार, म्हणून त्याच्याशीही आधीच ओळख करून ठेवा. मचाण हद्दीला खेटून बांधणं मला पटत नाही. कायदा काही म्हणो, शेजारधर्म म्हणून वाईट.

नियमांपैकी जे जागेवर थेट परिणाम करतात तेवढे सांगतो. वस्ती असलेल्या घरापासून, शेतातल्या गोठ्या-कोठारांपासून बंदुकीसाठी १५० यार्ड आणि धनुष्यासाठी ५० यार्ड इतकं सुरक्षा क्षेत्र सोडावं लागतं. तिथे राहणाऱ्याची परवानगी असेल तरच त्याच्या आत शिकार करता येते. हरणांना आकर्षित करायला मका किंवा मीठ टाकणं राज्यात बहुतेक ठिकाणी बेकायदेशीर आहे. शेतात पेरलेलं पीक चालतं. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. आणि आपल्या लोकांसाठी महत्त्वाचं: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे. वैध शिकार परवाना असणं हा त्याला अपवाद आहे, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या अपवादावर विसंबू नका. धनुष्याला ही बंदी लागू नाही, आणि माझ्या मते सुरुवातही धनुष्यानेच करावी. वीस यार्डांवर हरीण आणायचं तर जागा अचूकच लागते.

पाहणी फेब्रुवारीत

बहुतेक जण सप्टेंबरात रान तुडवतात. तेव्हा पानं दाट असतात, काही दिसत नाही आणि नेमक्या मोसमाआधी हरणं बिथरतात. पाहणीचा खरा काळ मोसम संपल्यावरचा, फेब्रुवारी ते मार्च. पानं गळालेली, अंगावर अजून वाढ नसलेलं रान, बर्फात उमटलेल्या वाटा. तेव्हा तुम्ही त्यांच्या झोपायच्या जागेत पार आत शिरलात तरी बिघडत नाही. ऑक्टोबरपर्यंत ती ते विसरतात.

आधी घरी बसून नकाशा बघा. उंचीच्या रेषा असलेला आणि उपग्रहाचा, दोन्ही. रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की सपाटी. दोन उंचवट्यांमधली खिंड, डोंगराच्या पोटातली अरुंद सपाट पायरी, दोन शेतांमधला झाडांचा चिंचोळा पट्टा, ओहोळ ओलांडायची उथळ जागा, शेताचा रानात घुसलेला आतला कोपरा, या पाच गोष्टींवर खूण करा. हरीणही आपल्यासारखंच कमी कष्टाची वाट धरतं.

मग पायी जा आणि हे शोधा:

- झोपायची जागा. बर्फात किंवा पाचोळ्यात दाबलेले लंबगोल खळगे. लहान-मोठे एकत्र असतील तर मादी आणि पाडसं, एकटा मोठा खळगा असेल तर बहुधा नर.
- घासलेली खोडं. नर शिंगांनी साल सोलतो. एका ओळीत पाच-सहा खोडं सापडली तर ती त्याची वाट. खोडाची सोललेली बाजू ज्या दिशेला असते, बहुधा त्या दिशेने तो आलेला असतो.
- उकरलेली जमीन. वर एक लोंबती फांदी, खाली खुरांनी पाचोळा बाजूला सारलेला वाटोळा तुकडा. फेब्रुवारीत ती मळकट दिसते, पण चावलेली फांदी ओळखू येते.
- लेंड्या आणि खुरांनी खोल गेलेल्या पायवाटा. कुंपणाची तार कुठे वाकली आहे आणि तारेत केस कुठे अडकले आहेत तेही बघा.

उकरलेली जागा बघून हुरळून जाऊ नका. नर तिथे बहुतेक वेळा रात्री येतो. सोललेल्या खोडांच्या ओळीवर माझा जास्त विश्वास आहे, तीही झोपायच्या जागेच्या जितकी जवळ तितका अधिक.

खाणं, झोपणं आणि मधली वाट

हरणाचा दिवस दोन टोकांमध्ये असतो. एका टोकाला झोप, दुसऱ्या टोकाला चारा. पहाटे आणि संध्याकाळी ते या टोकाकडून त्या टोकाकडे जातं. मचाण या दोन्ही टोकांवर नको, मधे हवं.

झोपायच्या टोकाला फार जवळ गेलात तर पोहोचतानाच उठवून लावाल. चाऱ्याच्या टोकाला, म्हणजे शेताच्या बांधावर बसलात तर अंधार पडायच्या शेवटच्या दहा मिनिटांत हरणं येतात, आणि मोठे नर तर पूर्ण अंधारातच. मोठा नर शेतात उतरण्याआधी रानाच्या आत थांबून अंधाराची वाट बघतो. त्या थांब्यावर लहान सोललेली खोडं आणि भरपूर लेंड्या सापडतात. आमच्या शेतावर हा थांबा बांधापासून साधारण साठ यार्ड आत आहे. माझं सगळ्यात चांगलं मचाण तिथेच आहे.

चारा कोणता, हे महिन्यागणिक बदलतं आणि इथे झाडांची ओळख उपयोगी पडते. पेनसिल्व्हेनियात ओकचे दोन मोठे गट आहेत. पांढऱ्या ओकच्या पानांची टोकं गोल, तांबड्या ओकच्या पानांची टोकं अणकुचीदार. पांढऱ्या ओकचं फळ त्याच वर्षी पिकतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात पडतं, आणि त्यात तुरटपणा कमी असतो. हरणं ते आधी वेचतात. तांबड्या ओकच्या फळाला पिकायला दोन वर्षं लागतात, ते तुरट असतं पण जमिनीवर टिकतं, म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरात त्याची पाळी. रानात एखादाच पांढरा ओक भरभरून फळला असेल तर ऑक्टोबरात मक्याचं शेतही ओस पडतं. दरवर्षी तोच ओक फळत नाही, म्हणून ऑगस्टमध्ये दुर्बिणीने शेंड्यात बघून घ्या.

शेतमालकाला मका कधी कापणार ते विचारून ठेवा. उभा मका म्हणजे चाराही आणि लपायची जागाही. कापला की हरणांचं अर्धं वेळापत्रक एका दिवसात बदलतं.

झोपायची जागा मात्र फारशी बदलत नाही. आमच्याकडे ती तीन ठिकाणी आहे: पडीक शेतात माजलेल्या काटेरी गुलाबाच्या जाळीत, डोंगराच्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर जिथे थंडीत ऊन मिळतं, आणि माउंटन लॉरेलच्या सदाहरित झुडपांत. उतारावर हरीण बहुधा माथ्याच्या थोडं खाली बसतं. पाठीमागून वाऱ्यावर वास येतो आणि समोर खालचं सगळं दिसतं. त्या जागेवर समोरून चालून जाणं केवळ अशक्य, हे मान्य करूनच आखणी करायची.

वारा

हा भाग मी सगळ्यात लांब लिहिणार आहे.

हरणाच्या डोळ्यांना तांबडा-नारिंगी रंग नीट कळत नाही, हालचाल मात्र लगेच कळते. कानाने फांदी मोडल्याचा आवाज ऐकला तरी ते थांबून खात्री करतं. नाकाला खात्री लागत नाही. माणसाचा वास आला की विषय संपला, शेपटीचं पांढरं निशाण वर करून ते निघून जातं. बाजारात वास मारणारे साबण, फवारे, खास कपडे मिळतात. मी कपडे बिनवासाच्या साबणाने धुतो, पण त्याच्या भरवशावर चुकीच्या वाऱ्यात कधी बसत नाही.

प्रत्येक मचाणासाठी कागदावर तीन गोष्टी काढा: हरणांची झोपायची जागा, ती जिथून येतील ती वाट, आणि माझ्या पाठीमागे वारा वाहत जाईल तो पट्टा. तिसरा पट्टा हरणांना नको असलेल्या जागेवरून गेला पाहिजे. उघडं नांगरलेलं रान, रस्ता, गोठा, खोल पाण्याचा ओढा. पेन्स व्हॅलीत शरदात वारा बहुधा पश्चिमेचा नाहीतर वायव्येचा असतो. आमच्या शेताची रचना अशी की दक्षिणेला रस्ता आणि गोठा, मधे मका आणि अल्फाल्फा (लसूणघास), उत्तरेला चढत जाणारं रान. म्हणून माझं मुख्य मचाण रानाच्या पूर्वेच्या बाजूला आहे. वायव्येचा वारा झोपायच्या जागेवरून माझ्याकडे येतो आणि माझा वास आग्नेयेला, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या रानात घेऊन जातो. पूर्वेचा वारा सुटला की मी तिथे जात नाही. मग हरणं कितीही दिसत असोत.

आता दुसरा वारा, जो हवामानाच्या अंदाजात सांगत नाहीत. डोंगरउतारावरची हवा रात्री थंड होते, जड होते आणि पाण्यासारखी ओहोळांतून खाली वाहते. सकाळी उतारावर ऊन पडलं की हवा तापून वर चढू लागते. जोराचा वारा असेल तर तो या प्रवाहाला दाबतो. पण संध्याकाळी वारा पडला, म्हणजे नेमका हरणं हलायच्या वेळी, की राज्य याच प्रवाहाचं. त्यातून दोन नियम निघतात. सकाळी ऊन चढल्यावर हरणांच्या वाटेच्या वर बसा, वास वर निघून जाईल. संध्याकाळी त्यांच्या वाटेच्या खाली बसा, वास आणखी खाली जाईल. मात्र खाली ती चरायला जाणार असलेलं शेत असेल तर हा दुसरा नियम तुम्हालाच नडतो. माझं मचाण ओहोळाच्या काठाला आहे ते त्यासाठीच. संध्याकाळी थंड हवा त्या ओहोळातून वाहते आणि माझा वास शेताला वळसा घालून थेट रस्त्याकडच्या मोरीत नेते.

हे सगळं कागदावर खरं वाटतं, पण रानातली हवा झाडाझाडाला वळते. खात्री करायला मी जी वस्तू वापरतो ती तुमच्या ओळखीची आहे. लहानपणी वाऱ्यावर तरंगत आलेली म्हातारी पकडायला आपण धावायचो ना, रुईच्या बोंडातली? इथे पडीक शेतात मिल्कवीड उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची बोंडं सुकतात आणि आत तीच रेशमी म्हातारी. दोन-तीन बोंडं खिशात ठेवायची आणि मचाणावरून एकेक तंतू सोडायचा. बाजारातली पावडर चार फुटांवर विरून जाते. म्हातारी पन्नास-साठ यार्ड डोळ्यांसमोर तरंगत राहते आणि हवा कुठे वळते, कुठे खाली बसते, कुठे उलटी फिरते ते दाखवते. नवं मचाण बांधण्याआधी मी त्या झाडाखाली सकाळी एकदा आणि सूर्यास्ताला एकदा, निरनिराळ्या दिवशी म्हाताऱ्या सोडून बघतो. वास गोलगोल फिरत राहतो अशी जागा, विशेषतः खोलगट कटोऱ्यासारखी, सोडून देतो. तिथे कितीही खुणा असल्या तरी.

जायची वाट, यायची वाट

मचाणापर्यंतची वाट हरणांच्या मुख्य वाटेला ओलांडता कामा नये. कुठेतरी ओलांडावीच लागत असेल तर ती जागा मचाणावरून माझ्या माऱ्यात हवी. मी ओहोळातून चालत जातो, घोट्याएवढ्या पाण्यातून, रबरी बूट घालून. पाण्याचा आवाज पावलांना झाकतो, काठ मला झाकतो आणि जमिनीवर वास राहत नाही. ओहोळ नसेल तर बांधाची आड, मक्याच्या दोन ओळींमधली सरी, जुनी लाकूडतोडीची वाट. सप्टेंबरमध्ये एकदा जाऊन शेवटच्या शंभर यार्डांचा पाचोळा आणि काटक्या दाताळ्याने बाजूला ओढून ठेवा. ऑक्टोबरातल्या कोरड्या पानांवर चालणं म्हणजे पापडांवर चालणं.

सकाळची आणि संध्याकाळची जागा एकच असू शकत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. पहाटे हरणं शेतात असतात. अंधारात शेतातून चालत गेलात की सगळी उधळतात. म्हणून सकाळचं मचाण वर, डोंगराच्या खिंडीत असावं आणि तिथे मागच्या बाजूने जाता यावं. आम्हाला त्यासाठी पलीकडच्या मालकाची परवानगी घ्यावी लागली. ज्या शेतावर अशी मागची वाट नाही तिथे मी सकाळी बसूच नका म्हणेन, नोव्हेंबरचा माजाचा काळ सोडून. मध्य नोव्हेंबरच्या आसपास नर माद्यांमागे दिवसभर फिरतात, तेव्हा खिंडीत दुपारीही बसावं.

परतीचं आणखी अवघड. शिकारीची कायदेशीर वेळ सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते आणि तेव्हा शेत हरणांनी भरलेलं असतं. तुम्ही झाडावरून उतरलात की ती सगळी तुम्हाला बघतात आणि त्या झाडाची आठवण ठेवतात. यावरचा उपाय मला शेतमालकानेच सांगितला. अंधार पडल्यावर मी त्यांना मेसेज करतो, ते पिकअप घेऊन शेतात एक चक्कर मारतात. हरणं गाडीला सरावलेली असतात, शांतपणे रानात जातात, आणि मग मी उतरतो. ज्यांच्याकडे अशी सोय नाही त्यांनी बांधावर मचाण बांधूच नये.

झाड कोणतं

जागा ठरली की तीस यार्डांच्या आत योग्य झाड शोधा. योग्य झाड नसेल तर जागा बदला, झाडाशी तडजोड करू नका.

झाड जिवंत, सरळ आणि दोन्ही हातांच्या कवेत साधारण मावेल इतक्या जाडीचं हवं. पेनसिल्व्हेनियात अ‍ॅशच्या झाडाला मचाण बांधू नका. एमराल्ड अ‍ॅश बोररचा किडा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला, २००७ मध्ये इथे पोहोचला आणि त्याने अ‍ॅशची रानंच्या रानं वाळवली. वाळलेलं अ‍ॅश उभं दिसतं पण आतून ठिसूळ असतं, वरच्या फांद्या न सांगता कोसळतात. हिवाळ्यात पानं नसताना ओळखायचं तर हिऱ्याच्या नक्षीसारखी भेगाळलेली साल आणि समोरासमोर फुटलेल्या फांद्या बघा. आसपासचं मेलेलं झाड तुमच्या मचाणावर पडेल का, हेही बघा.

उंची पंधरा ते वीस फूट पुरे. त्याहून वर गेलात तर बाण फार तिरका लागतो, दोन्ही फुफ्फुसं सापडणं अवघड होतं. उंचीपेक्षा पाठीशी आड असणं महत्त्वाचं. आकाशाच्या पार्श्वभूमीवर एकटं उठून दिसणारं खोड नको. तीन-चार खोडं एकत्र वाढलेली असतील किंवा मागे हेमलॉक असेल तर उत्तम, कारण तो सदाहरित आहे. ओकची पानं गळाली की ऑक्टोबरात झाकलेलं मचाण नोव्हेंबरात उघडं पडतं.

तोंड कुठे करायचं? उजव्या हाताने धनुष्य ओढणाऱ्याला डावीकडे मारणं सोपं जातं, म्हणून वाट डाव्या हाताला येईल असं बसा. सूर्यही बघा. नोव्हेंबरात तो नैऋत्येला मावळतो. शेवटचा तासभर त्याकडे तोंड असलं तर डोळ्यांवर तिरीप येते आणि तुमचा चेहरा आरशासारखा चमकतो.

माऱ्याच्या वाटा तीन-चारच छाटा आणि त्या जुलै-ऑगस्टमध्ये. छाटलेल्या फांद्या हरणांच्या नको त्या वाटेवर टाकल्या तर ती आपोआप तुमच्या बाजूला वळतात.

गोळी थांबणार कुठे

धनुष्याने वीस यार्डांवर मारताना हा प्रश्न लहान असतो. रायफलच्या मोसमात, जो २०१९ पासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो, तोच पहिला प्रश्न. मचाणावरून ज्या ज्या दिशेला तुम्ही मारू शकता त्या प्रत्येक दिशेला हरणाच्या मागे मातीच हवी. चढता उतार, उंच बांध. उतरत्या टेकडीच्या माथ्यावर उभं असलेलं हरीण म्हणजे मागे आकाश, आणि आकाशापलीकडे कुणाचं तरी घर. मी मोसमाआधी मचाणावर बसून सोबत्याला खाली फिरायला लावतो आणि वहीत निषिद्ध दिशा लिहितो. खोडावर त्या दिशांना टेपच्या खुणा करतो. समोर मोठा नर उभा असताना माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, म्हणून निर्णय आधीच झालेला बरा.

आमच्या खोऱ्यात अमिश कुटुंबं राहतात, जुन्या रीतीने, मोटारीशिवाय जगणाऱ्या ख्रिस्ती पंथाची. त्यांच्या घोडागाड्या पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणजे शिकारीच्याच वेळी, रस्त्यावर असतात. रस्त्याकडे तोंड असलेलं मचाण मी बांधतच नाही.

रायफलच्या मोसमात डोकं, छाती आणि पाठ मिळून किमान २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी रंग अंगावर हवा, आणि तो सर्व बाजूंनी दिसला पाहिजे. हरणाला तो मळकट दिसतो, माणसाला लांबून दिसतो.

चढणं, उतरणं

शिकारीच्या सुरक्षेची चर्चा बंदुकीभोवती फिरते, पण झाडावरून पडून माणसं दरवर्षी मरतात आणि अपंग होतात. आमच्याच रस्त्यावरचे एक गृहस्थ सोळा फुटांवरून पडले. पट्टा होता, पण तो वर पोहोचल्यावर बांधायचा म्हणून पाठीवरच्या पिशवीत होता.

पूर्ण अंगाचा हार्नेस घाला आणि जमिनीवरून पाय उचलण्याआधीच तो झाडाच्या सुरक्षा-दोरीला अडकवा. ही दोरी प्रत्येक मचाणाला वरपासून खालपर्यंत कायमची लावून ठेवा. चढताना तीन अवयव नेहमी टेकलेले. धनुष्य किंवा रिकामी बंदूक नंतर दोरीने वर ओढायची. खिशात पाय टेकायचा पट्टा ठेवा. हार्नेसमध्ये नुसतं लोंबकळत राहिलं तर पायातलं रक्त परत वर येत नाही आणि तेही जिवावर बेततं. बांधायचे पट्टे दर मोसमाआधी तपासा. ऊन त्यांना कुजवतं, खारी कुरतडतात. घरच्यांना कोणत्या मचाणावर जातोय ते नकाशातल्या खुणेसह सांगून जा.

आणि गोचिड्या. गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या लाइम रोगाचे रुग्ण देशात ज्या राज्यांत सर्वाधिक आहेत, त्यांत पेनसिल्व्हेनिया येतं. थंडी पडली की गोचिड्या संपतात हा गैरसमज आहे, त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातही सक्रिय असतात. पँट आणि बुटांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मारून वाळवा आणि घरी आल्यावर काखा, जांघा, केसांची मुळं तपासून घ्या.

बांधल्यावर

मचाण ऑगस्टअखेर बांधून मोकळे व्हा आणि पहिल्या योग्य वाऱ्यापर्यंत तिकडे फिरकू नका. कॅमेरे लावले असतील तर ते दुपारी, वारा वाहत असताना बघा.

एका चांगल्या जागेपेक्षा दोन-तीन साध्या जागा बऱ्या, निरनिराळ्या वाऱ्यांसाठी. चाळीस एकरांच्या रानात आमच्याकडे तीन आहेत. एकाच मचाणावर मी सलग दोन दिवस बसत नाही. पहिल्यांदा बसाल तेव्हा संधी सगळ्यात जास्त असते, नंतर दर वेळी थोडी कमी होत जाते. म्हणून सगळ्यात चांगली जागा ऑक्टोबरच्या सुट्टीत वारा चुकीचा असताना वाया घालवू नका.

हरीण मिळालं की त्याची जबाबदारीही जागेशी जोडलेली आहे. पेनसिल्व्हेनियात २०१२ मध्ये हरणांचा मेंदू झिजवणारा क्रॉनिक वेस्टिंग हा रोग पहिल्यांदा आढळला. रोगग्रस्त म्हणून जाहीर केलेल्या भागांतून मेंदू आणि पाठीचा कणा असलेले अवयव बाहेर नेता येत नाहीत. तुमचं शेत अशा भागात आहे का ते मोसमाआधी गेम कमिशनच्या नकाशावर बघा, आणि डोकं तपासणीला द्यायची पेटी कुठे ठेवली आहे तेही.

एक वही ठेवा. तारीख, वारा, म्हातारी कुठे गेली, हरीण कुठून आलं, कुठे थबकलं. माझ्या वहीत चौथ्या वर्षी दिसलं की वायव्येच्या वाऱ्यात सगळी हरणं माझ्या मचाणाच्या पस्तीस यार्ड पश्चिमेकडून जातात, एका पडलेल्या हेमलॉकला वळसा घालून. पुढच्या फेब्रुवारीत मी मचाण सोडवलं आणि वीस यार्ड सरकवून शेजारच्या ओकला बांधलं. त्या झाडावरून आता त्या वळशावर पंधरा यार्डांत मारा बसतो.

जानेवारीत मोसम संपला की पट्टे सैल करा, नाहीतर वाढत्या खोडात ते रुततात. फळी उतरवून गोठ्यात ठेवा, शेतमालकाला त्यांच्या वाट्याचं मांस द्या, आणि त्याच आठवड्यात, बर्फ आहे तोवर, पुन्हा रान चालायला निघा.